व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतल्या मुलांचे दुःख नेमके कोणत्या वर्गाचे?

अरण्यवाट (धागाकर्ता) :

चार्ल्स डिकन्सचे वडील फेब्रुवारी १८२४ मध्ये कर्ज न फेडल्यामुळे लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले आणि त्याच सुमारास जेमतेम बारा वर्षांचा चार्ल्स टेम्सकाठी, हंगरफोर्ड धक्क्यापाशी, बुटांचे काळे पॉलिश बनवणाऱ्या एका कारखान्यात आठवड्याला ६ शिलिंगांवर कामाला लागला. पॉलिशच्या बरणीवर आधी तेलकागद, त्यावर निळा कागद, मग दोरा बांधून कागद कडेने नीट कातरायचा आणि शेवटी छापील चिठ्ठी चिकटवायची, हे काम दिवसभर चाले. ते त्याला बॉब फेगिन नावाच्या, वयाने थोड्या मोठ्या, अनाथ मुलाने शिकवले. एकदा चार्ल्सच्या कुशीत कळ उठली तेव्हा याच बॉबने रिकाम्या बाटल्यांत गरम पाणी भरून त्याला अर्धा दिवस शेक दिला आणि संध्याकाळी तो त्याला एकट्याला घरी जाऊ देईना. घरची माणसे तुरुंगात आहेत हे कळू नये म्हणून चार्ल्सने सदर्क पुलाजवळच्या कुठल्याशा परक्या घराच्या पायरीवर बॉबचा निरोप घेतला, आणि त्याने मागे वळून पाहिलेच तर खरे वाटावे म्हणून दार ठोठावून, दार उघडणाऱ्या बाईला ‘रॉबर्ट फेगिन इथेच राहतात का?’ असे विचारले. पुढे या शेक देणाऱ्या मुलाचे आडनाव त्याने ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये पोरांना खिसे कापायला शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला दिले.

ही सगळी हकिकत डिकन्सच्या मृत्यूनंतर (१८७०) जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून जगाला कळली. त्या आठवणीत भुकेपेक्षा आणि थंडीपेक्षा जास्त जागा ज्या गोष्टीला मिळाली आहे ती म्हणजे संगत. आपण शिकून मोठे होणार होतो आणि आता ‘असल्या’ मुलांच्या बरोबरीने बसलो आहोत, हा सल त्याला आयुष्यभर छळत राहिला. मात्र बॉब फेगिनही तेच काम करत होता आणि त्याला मार्शलसीतून सुटून येणारा बाप नव्हता, हा विचार त्या पानांत फारसा डोकावत नाही.

मला असे म्हणायचे आहे की व्हिक्टोरियन कादंबरीतल्या मुलांच्या हालअपेष्टांबद्दल आपल्याला जो कळवळा वाटतो, तो बहुतेक वेळा चुकीच्या पायरीवर येऊन पडलेल्या मुलाबद्दल असतो. त्याच पायरीवर जन्मलेले मूल शेजारी उभे असते, पण गोष्ट त्याची नसते. ऑलिव्हर वर्कहाउसमध्ये (निराधारांना ठेवून कामाला लावणाऱ्या सरकारी आश्रयघरात) जन्मला, तिथेच वाढला, तरी त्याचे इंग्रजी पहिल्यापासून पांढरपेशा घरातले आहे, कारण अखेरीस तो सभ्य गृहस्थाचा मुलगा निघायचा आहे. ज्याची भाषा खरोखर रस्त्यावरची आहे तो फेगिनच्या टोळीतला खिसेकापू पोरगा आर्टफुल डॉजर चांदीच्या तपकिरीच्या डबीपायी हद्दपार होतो, आणि त्याच्या खटल्याचे प्रकरण लेखकाने हसण्यासाठी लिहिले आहे. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये (१८४९-५०) डेव्हिड बाटल्या धुतो तेव्हा सोबतची मुले त्याला छोटे साहेब म्हणतात. डेव्हिड वडिलांच्या आत्याकडे पोचतो आणि मिक वॉकर व मीली पोटेटोज यांचे पुढे काय झाले हे कुणी विचारत नाही.

यात एक जागा मात्र डिकन्सने अचूक पकडली आहे. ऑलिव्हर शवपेट्यांच्या दुकानात कामाला लागतो तेव्हा तिथला नोआ क्लेपोल त्याला छळतो. नोआ स्वतः धर्मादाय शाळेतला, आई धोबीण, बाप लाकडी पायाचा, दारुडा, निवृत्त सैनिक. गल्लीतली दुकानांतली पोरे नोआला त्याच्या धर्मादाय शाळेच्या चामडी कपड्यांवरून चिडवत आलेली असतात. आता त्याला प्रथमच असा कुणीतरी सापडतो की ज्याच्याकडे आईबापांची नावेसुद्धा नाहीत, आणि तो आजवरचे सगळे व्याजासकट वसूल करतो. उतरंडीत तळाशी असलेल्यालाही आणखी एक तळ लागतो, हे इतक्या कमी ओळींत सांगितलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही.

इतरांची मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी.

केतकीचे_पान :

विरोधी मत मागितले आहे म्हणून लिहिते. ‘ब्लीक हाउस’ (१८५२-५३) तुम्ही वगळले आहे. त्यातला ‘जो’ नावाचा, चौकात रस्ता झाडणारा पोरगा कुणाचाही हरवलेला वारस नाही. त्याला आडनाव नाही, अक्षरओळख नाही, आणि एका मृत माणसाशी बोलताना दिसलेला तोच एकटा असूनही त्या मृत्यूच्या चौकशीत त्याची साक्ष घेतली जात नाही, कारण शपथ म्हणजे काय ते त्याला सांगता येत नाही. परदेशांत धर्मप्रसार करणाऱ्या संस्थेच्या पायरीवर बसून तो पाव खातो आणि ही एवढी मोठी इमारत कशासाठी आहे हे त्याला ठाऊक नसते. तो मरतो तेव्हा डिकन्स कथा थांबवून थेट राणीला, उमरावांना आणि धर्मगुरूंना उद्देशून बोलतो. हा कळवळा घसरलेल्या साहेबाच्या मुलासाठी नाही.

शिवाय ही पुस्तके कोणत्या काळात लिहिली गेली तेही पाहा. कापडगिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना बंदी करणारा कायदा १८३३ चा. खाणीत जमिनीखाली स्त्रिया, मुली आणि १० वर्षांखालचे मुलगे उतरवू नयेत हा कायदा १८४२ चा, आणि तो चौकशी आयोगाच्या अहवालातली चित्रे पाहून लोक हादरल्यावर झाला. कादंबरीकारांनी हा विषय मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेला, हे श्रेय काढून घेता येणार नाही.

अरण्यवाट :

‘जो’ हे पात्र माझ्या म्हणण्याला खरोखरच आडवे येते. तरीही दोन गोष्टी नोंदवतो. ‘जो’ मरतो, आणि मेलेल्या गरीब मुलाबद्दल कळवळा वाटून घेणे वाचकाला सर्वांत सोपे जाते, कारण त्याला घरात कुठे बसवायचे हा प्रश्नच उरत नाही. त्याच कादंबरीत जगणारे मूल आहे चार्ली. तेरा वर्षांची ही मुलगी धुणी धुऊन भावंडांना पोसते आणि कामाला जाताना त्यांना खोलीत कोंडून जाते. तिची सोय कशी लागते? नायिका एस्थरचे पालक जार्नडिस साहेब तिला एस्थरची मोलकरीण म्हणून पाठवतात आणि ती दारात उभी राहून सांगते की, बाईसाहेब, साहेबांनी मला तुम्हाला भेट म्हणून पाठवले आहे. डिकन्सला हा प्रसंग गोड वाटला आहे. मला तो आज वाचवत नाही.

तळटीप :

चर्चा डिकन्सपाशीच अडकली आहे, म्हणून शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’कडे (१८४७) वळतो. धागाकर्त्याचा मुद्दा या पुस्तकात नायिका स्वतःच्या तोंडाने मान्य करते, म्हणून ते इथे महत्त्वाचे आहे.

पहिल्याच प्रकरणात मामेभाऊ जॉन दहा वर्षांच्या जेनला सांगतो की आमची पुस्तके तू घ्यायची नाहीस, तू आश्रित आहेस, तुझ्याकडे पैसा नाही, तुझ्या बापाने काही ठेवले नाही. मग तेच पुस्तक तो तिला फेकून मारतो. पुढे औषधे देणारा लॉइड तिला विचारतो की तुला दुसरे कुणी नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे जाशील का, भले ते गरीब का असेनात. या घरात मार खाणारी, लाल खोलीत कोंडली गेलेली ही मुलगी नाही म्हणते. गरीब लोक मायाळू असू शकतात हेच तिला समजत नाही. त्यांच्यासारखे बोलायला शिकायचे, त्यांच्या रीतीभाती उचलायच्या, अडाणी राहायचे आणि खेड्यातल्या झोपडीच्या दारात कपडे धुणाऱ्या बायकांसारखे मोठे व्हायचे, इतकी किंमत मोजून सुटका विकत घेण्याची तिची तयारी नाही. मार परवडला, पण ती पायरी नको. वर्गाची भीती मूल किती लवकर आत्मसात करते हे मला या उताऱ्याइतके स्पष्ट कुठे दिसले नाही. सांगणारी जेन तोवर मोठी झाली आहे आणि ती ही भीती लपवत नाही.

जेनला पुढे पाठवतात त्या लोवुड शाळेतला हिशेबही पाहण्याजोगा आहे. जेन तिथल्या हेलन बर्न्स या मुलीला विचारते की ही शाळा फुकट आहे का. हेलन सांगते की प्रत्येक मुलीमागे वर्षाला १५ पौंड भरावे लागतात. मग आपल्याला धर्मादायातली मुले का म्हणतात? कारण राहणे, जेवण आणि शिक्षण १५ पौंडांत भागत नाही आणि उरलेले दानशूर लोक वर्गणीतून भरतात. म्हणजे बऱ्यापैकी रक्कम मोजूनही मिंधेपणा सुटत नाही. मग एक दिवस शाळेचे खजिनदार ब्रॉकलहर्स्ट येतात आणि एका मुलीचे उपजत कुरळे केस पाहून, आपण निसर्गापुढे मान तुकवायची नसते, असे म्हणत केस कापायचे फर्मान सोडतात. तेवढ्यात त्यांची बायको आणि मुली आत येतात. त्यांच्या अंगावर मखमल, रेशीम आणि फर आहे, आणि बाईंच्या कपाळावर कृत्रिम फ्रेंच कुरळ्या बटा आहेत. ब्राँटेला इथे फारशी टिपणी करण्याची गरज वाटली नाही.

यातले काही कल्पित नव्हते. शार्लट स्वतः कोवन ब्रिजच्या, धर्मगुरूंच्या मुलींसाठी काढलेल्या अशाच शाळेत होती आणि तिथून आजारी होऊन परतलेल्या तिच्या दोन थोरल्या बहिणी, मारिया आणि एलिझाबेथ, १८२५ मध्ये वारल्या.

दीडशहाणा :

एक साधा प्रश्न. ही पुस्तके वाचत कोण होते? गिरणीतला पोरगा वाचत नसणारच.

अरण्यवाट :

प्रश्न साधा नाही, कारण माझ्या मते उत्तराचा मोठा भाग त्यातच आहे. ‘जेन एअर’ तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि तीन खंडांच्या कादंबरीची ठरलेली किंमत साडेएकतीस शिलिंग होती. कारखान्यातल्या चार्ल्सचा ६ शिलिंगांचा आठवडा धरला तर पाच आठवड्यांहून अधिक मजुरी एका पुस्तकात जाते. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबेही पुस्तक विकत घेण्याऐवजी म्युडीसारख्या वाचनालयाची वर्षाची एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग, भरत. डिकन्सने शिलिंगाला एक असे मासिक भाग काढून आणि पुढे साप्ताहिकांतून लिहून वाचकवर्ग पुष्कळ खाली नेला. ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’ १८६०-६१ मध्ये ज्या साप्ताहिकात आली ते दोन पेन्सला मिळे, आणि वर्गणी काढून एकाने मोठ्याने वाचायचे व बाकीच्यांनी ऐकायचे असाही प्रघात होता. तरीही कादंबरीची प्रकृती ज्या वाचकाला धरून घडली तो कारकून, दुकानदार, पाद्री, वकील आणि त्यांच्या बायकामुली यांचा वर्ग होता. वडील मेले, बँक बुडाली किंवा जामीनकी अंगाशी आली तर आपली मुले कुठे जातील, ही धास्ती या वर्गाला अष्टौप्रहर होती. त्या धास्तीला चेहरा हवा होता आणि ऑलिव्हर, डेव्हिड, जेन हे तो चेहरा झाले.

डिकन्सच्या घराण्यातही ही शिडी फार जुनी नव्हती. त्याचे वडील नौदलाच्या वेतन कार्यालयात कारकून होते, पण आजी क्रू हॉल या सरदारी वाड्यात चाकरीला, घरव्यवस्था पाहणारी होती. जे घर एकाच पिढीपूर्वी नोकरांच्या खोल्यांतून वर आले आहे, त्याला परत खाली जाण्याची भीती दुप्पट असते.

भर_दुपार :

कादंबरीबाहेरचा एक आवाज इथे ठेवतो. हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या रस्त्यांवरच्या विक्रेत्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांत पाण्यातल्या हिरव्या भाजीच्या जुड्या विकणारी आठ वर्षांची एक मुलगी आहे. तिच्याशी कसे बोलावे हेच मेह्यूला कळत नाही, म्हणून तो खेळण्यांविषयी आणि बागांविषयी विचारतो. बागेत आपल्याला जाऊ देतील का, असा तिचाच उलट प्रश्न येतो. मग ती पहाटे बाजारात जुड्या कशा निवडते, भाव कसा पाडते आणि मिळालेले पैसे आईकडे कसे देते ते सराईतपणे सांगते. त्या मुलाखतीतच ती म्हणते की मी मूल नाही, आणि वीस वर्षांची होईपर्यंत मी बाईही होणार नाही, पण मला आठ पुरी झाली आहेत.

ही मुलगी रडत नाही, कुणाला आर्जव करत नाही. कादंबरीत ती असती तर तिला पहिल्या पानापासून डोळ्यांत पाणी आणावे लागले असते. बालपण हीच त्या काळात वरच्या वर्गाची मालमत्ता होती आणि कादंबरीकार गरीब मुलाला ती काही पानांपुरती उसनी देत असत, असे मला वाटते.

केतकीचे_पान :

हे वाक्य चांगले आहे, पण ‘ग्रेट एक्सपेक्टेशन्स’ वाचून ते टिकणार नाही. पिप कुणाचाही लपवलेला वारस नाही. तो लोहाराच्या घरी वाढलेला पोरका मुलगा आहे आणि शेवटपर्यंत तोच राहतो. श्रीमंत मिस हॅविशमच्या वाड्यात, तिने वाढवलेली एस्टेला त्याच्याशी पत्ते खेळते आणि हा मुलगा गुलामाला जॅक म्हणतो, याचे हात किती राठ आहेत, याचे बूट किती जाड आहेत, असे म्हणून नाक मुरडते. मग त्याला जेवण देते ते कसे, तर पाव, मांस आणि बियरचा पेला अंगणातल्या फरशीवर ठेवते, त्याच्याकडे न पाहता, खोडी केलेल्या कुत्र्याला घालावे तसे. आपले हात आणि बूट याआधी त्याला कधी खटकलेच नव्हते. वर्गाची जाणीव मुलाच्या मनात एखाद्या दुपारी बाहेरून घातली जाते, हे डिकन्सने इथे क्षणाक्षणाने दाखवले आहे. ‘जेन एअर’मध्ये ती जाणीव आधीच तयार होऊन आलेली आहे.

आणि खरी खोच पुढे आहे. जिच्यामुळे पिपला आपल्या हातांची लाज वाटू लागली, ती एस्टेला हद्दपार झालेल्या कैद्याची आणि खुनाच्या आरोपातून सुटलेल्या मोलकरणीची मुलगी निघते. ऑलिव्हरच्या गोष्टीत रक्तातले मोठेपण बाहेर येते. इथे वाड्यातली राजकन्या म्हणजे नुसते वळण, रक्ताबिक्ताचा संबंध नाही. तुम्ही तुमचा सिद्धान्त १८३८ च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’वर थांबवला आहे आणि डिकन्स मात्र पुढे चालत गेला.

अरण्यवाट :

एस्टेलाबाबत मी सहमत आहे. पण पिपला लोहारकामात परत ठेवण्याचे धाडस डिकन्सनेही केले नाही, हेही मांडा. त्याला वाढवणारा लोहार, ज्याचेही नाव ‘जो’च आहे, लंडनमध्ये त्याला भेटायला येतो तेव्हा पिपच्या मनात विचार येतो की पैसे देऊन याचे येणे टाळता आले असते तर मी नक्की दिले असते. हा लोहार पिपला ‘सर’ म्हणू लागतो, त्याला टोपी कुठे ठेवावी ते कळत नाही आणि ती शेकोटीच्या फळीवरून पुन्हापुन्हा घसरते. या प्रकरणात लेखकाचा सगळा राग पिपवर आहे आणि म्हणूनच ते थोर आहे. मात्र शेवटी पिप होतो काय? परदेशातल्या व्यापारी पेढीत कारकून आणि मग भागीदार. भट्टीकडे जायचा रस्ता बंदच राहतो.

सांजवात :

तो रस्ता जॉर्ज एलियट या लेखिकेने उघडा ठेवला आहे. ‘सायलस मार्नर’मध्ये (१८६१) एपी ही विणकराने वाढवलेली मुलगी जमीनदार गॉडफ्री कासची औरस मुलगी आहे. तो सोळा वर्षांनी येऊन, तुला घरी नेतो, तुला मोठ्या घरची बाई करतो, असे सांगतो. ऑलिव्हरच्या गोष्टीत जिथे शेवट होतो तिथे एपी नाही म्हणते. आपण कष्टकऱ्यांत वाढलो, त्यांचे जेवण आणि त्यांच्या रीती आपल्याला आवडतात आणि एका कामकऱ्याला आपण लग्नाचे वचन दिले आहे, असे ती सांगते. गॉडफ्रीला रक्ताचा हक्क वाटतो आणि सायलस त्याला सुनावतो की सोळा वर्षांपूर्वी हे का नाही सांगितलेत. वारसाच्या शोधाची अख्खी परंपरा एलियटने त्या झोपडीत उलटी केली.

तिच्याच ‘द मिल ऑन द फ्लॉस’बद्दल (१८६०) थोडेसे. टॉमला लॅटिन डोक्यात शिरत नाही आणि बहीण मॅगी ते सहज वाचते. मास्तर स्टेलिंग सांगतात की मुलींना वरवरची चमक असते, पण त्या खोलात जाऊ शकत नाहीत. पुढे बापाचे दिवाळे निघते तेव्हा टॉमचे लॅटिन त्याच्या काही उपयोगी पडत नाही. ज्या शिक्षणाने मुलगा सभ्य गृहस्थ व्हायचा ते बाजारात चालत नाही आणि जिला ते हवे आहे तिला मिळत नाही. वर्ग आणि मुलगी असणे या दोन्ही गोष्टी एका घरात कशा एकमेकांत अडकतात यासाठी ही कादंबरी वाचावी.

गिरणगावकर :

आपल्याकडचा एकच दुवा देतो. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या मुलांसाठी पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये आला. त्याने फक्त ७ वर्षांखालच्या मुलांना बंदी केली आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तास काम ठरवले. म्हणजे १८३३ मध्ये इंग्लंडने जे वय अमान्य केले ते जवळजवळ अर्ध्या शतकानंतर इथे मान्य होते. शिवाय या कायद्यामागे दयाबुद्धीइतकाच मुंबईच्या स्वस्त मालाला बिचकलेल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा रेटा होता. ‘ब्लीक हाउस’मधला ‘जो’ मेल्यावर लंडनचा वाचक रडला असेल, पण साम्राज्यातल्या दुसऱ्या गिरणीतली पोरे त्या रडण्यात मोजली गेली नाहीत.

तळटीप :

धागाकर्त्याच्या सिद्धान्ताला खरा अपवाद मला हार्डीच्या ‘ज्यूड द ऑब्स्क्युअर’मध्ये (१८९५) दिसतो. छोटा ज्यूड दिवसाला सहा पेन्सवर शेतातले पक्षी हाकतो, मग त्याला पक्ष्यांचीच दया येते, तो त्यांना दाणे खाऊ देतो आणि शेतकरी त्याला त्याच्याच खुळखुळ्याने बडवतो. त्याला कुणी श्रीमंत नातेवाईक नाही आणि तो पाथरवटाचे काम करत स्वतःच ग्रीक-लॅटिन शिकतो. विद्यापीठातल्या एका प्रमुखाला पत्र लिहितो तेव्हा उत्तर येते की तुम्ही कामगार आहात, आपल्याच धंद्यात राहिलात तर यशाची शक्यता अधिक. हार्डीचे वडील स्वतः गवंडीकाम करणारे, त्यामुळे हे पत्र त्याने बाहेरून पाहून लिहिलेले वाटत नाही.

अरण्यवाट :

ज्यूड मान्य. पण तो अपवाद १८९५ चा आहे, प्राथमिक शिक्षणाचा १८७० चा कायदा होऊन पंचवीस वर्षे उलटल्यावरचा, जेव्हा कामकऱ्यांची मुले स्वतः वाचू लागली होती आणि तीन खंडांची महागडी कादंबरीही नुकतीच बंद पडली होती. वाचक बदलला तेव्हा नायकही बदलला, असे मी म्हणेन. केतकीचे_पान यांनी एस्टेलाबद्दल जे लिहिले त्याचे उत्तर मला यात सापडत नाही आणि तो मुद्दा मी उघडाच ठेवतो. एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘मेरी बार्टन’ या कादंबरीवर कुणी लिहिणार असेल तर याच धाग्यात लिहावे.